पितळी बटणांचं सैन्य

देवळाली कॅम्पाच्या बाजारात, लष्करी गणवेश शिवणाऱ्या एका शिंप्याच्या दुकानात उभा राहून मी म्हणालो, "तोफखान्यासाठी पितळी बटणं दाखवा. घोडदळालाही लागतील. पायदळाला साधी चालतील."

मास्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आधी माझं पोट पाहिलं, मग चपला पाहिल्या, मग पुन्हा पोट पाहिलं.

"आयकार्ड?"

"नाही."

"मग घोडदळ कशाला पायजे? आणि घोडदळ आता रणगाड्यात बसतं, साहेब."

"माझं उंदरांनी खाल्लं," मी म्हणालो.

हे अक्षरशः खरं होतं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात इंजिनियर म्हणून नोकरीला लागलो. सिडकोत एक खोली, दोन कॉट, एक स्टोव्ह आणि येवल्याचा एक मित्र, असा आमचा संसार होता. एकदा कॅम्पातल्या जुन्या सामानाच्या दुकानात आम्ही टेबलफॅन घ्यायला गेलो आणि युद्धाचा खेळ घेऊन आलो. बदली झालेला कुणीतरी अधिकारी तो मागे टाकून गेला असावा. पेटीत एक मोठा नकाशा होता, त्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं. फासे होते, आणि पुठ्ठ्याचे इवलेसे चौकोन: कुणी घोडेस्वार, कुणी शिपाई, कुणी तोफ. त्या उन्हाळ्यात आम्ही पुठ्ठ्याने वारा घेतला.

देश कुठलातरी परका होता. गावांची नावं आम्हाला उच्चारता येईनात, म्हणून आम्ही सरळ बारसं केलं. नदीला गोदावरी म्हटलं. बर्फाच्या खिंडीला कसारा घाट. मित्राने आपली राजधानी येवल्याला नेली आणि मी माझी नाशिकरोडला ठेवली, कारण रसद रेल्वेने येते असं माझं म्हणणं होतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी सुरू झालेली लढाई भात करपल्याच्या वासानेच थांबायची. मग मित्र आखातात गेला, माझं लग्न झालं, खोलीचा फ्लॅट झाला, आणि गोदावरीसकट सगळा देश माळ्यावर गेला.

तिथे तो दहाएक वर्षं झोपला. नवं शतक लागून काही वर्षं झाली असतील, तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत बायकोने स्टुलावरून पेटी खाली दिली आणि विचारलं, "अहो, हे फेकू का?"

मी झाकण उघडलं. डांबरगोळ्यांचा आणि त्या जुन्या उन्हाळ्याचा वास आला. नकाशा शाबूत होता. सैन्य मात्र उंदरांनी कुरतडलं होतं. सगळं घोडदळ, निम्म्याहून जास्त तोफा. पायदळ त्यांना आवडलं नसावं. मी जमिनीवर फतकल मारून बसलो, नकाशा पसरला, आणि हातातलं फडकं कसारा घाटात ठेवून दुपारभर नुसता पाहत राहिलो. बायको दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिने माझ्याभोवतीची फरशी पुसून घेतली. मी नकाशासकट एक बेट होऊन राहिलो.

घरातल्या डब्यातली शर्टाची बटणं वापरून पाहिली. पण पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चार भोकांच्या घोडदळाला काही रुबाब येईना. म्हणून मी कॅम्पात गेलो होतो.

एवढं सगळं मी मास्टरांना काउंटरवर हात पसरून, घोडे दौडवून, उंदरांचं पात्रही स्वतःच करून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं आणि काउंटरची फळी वर उचलली.

"आत या."

आत कापड बेतायचं भलंमोठं टेबल होतं आणि त्यावर खाकी चादर. मास्टरांनी चादर एका टोकापासून गुंडाळत नेली आणि तिच्याखालून एक देश उगवत गेला. शिवलेला देश. निळ्या रिबिनीची नदी, जुन्या तंबूच्या कापडाचे डोंगर, हिरव्या गणवेशांच्या कातरणांची जंगलं, आणि सगळीकडे बारीक टीप मारून काढलेली सहा कोनांची घरं. टेबलाशी दोन माणसं बसली होती. एक निवृत्त सुभेदार, पांढऱ्या मिशांचे. दुसऱ्या एक बाई, नाशिकरोडच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या. त्या एका हाताने पेपर तपासत होत्या आणि दुसऱ्या हाताने सुभेदारांचा किल्ला घेत होत्या.

"हे कोण?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"यांचं घोडदळ उंदरांनी खाल्लं," मास्टर म्हणाले.

"बसा," बाई म्हणाल्या. आयुष्यात माझी ओळख इतकी चांगली कुणी करून दिलेली नाही.

एका साहेबांनी, गणवेशाच्या मापाच्या निमित्ताने येत-जात, मास्टरांना हा खेळ शिकवला होता. बदली झाली तेव्हा ते पट घेऊन गेले. मग मास्टरांनी तो आठवणीतून शिवला. जिथे आठवलं नाही तिथे डोंगर लावले. त्यामुळे त्या देशात डोंगर जरा जास्तच होते. देशाला चार कोपरे, चार राजधान्या, म्हणजे पट्ट्याची चार जड बक्कलं, आणि खेळणारे तिघंच. चौथा कोपरा रिकामा होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

आमच्या कंपनीची सुट्टी शनिवारी असायची. बाईंची शाळा शनिवारी सकाळची, मास्टर दुपारनंतर शटर अर्धं खाली ओढायचे, आणि सुभेदारांना सगळे वार सारखेच होते. त्या अर्ध्या शटरखालून ऊन आत यायचं आणि टेबलाच्या पायापर्यंत येऊन थांबायचं. बाहेर झाडांखालचा रुंद, निवांत रस्ता. एखादी सायकल जायची. कधी दूरवर सरावाच्या तोफा धडधडायच्या आणि कोपऱ्यातला उंच आरसा, गिऱ्हाइकांनी गणवेश घालून पाहायचा, हलकेच थरथरायचा. त्याच्यातले आम्ही चौघं पाण्यातल्यासारखे हलायचो आणि पुन्हा स्थिर व्हायचो. मला वाटायचं, आम्हीही कुणीतरी आठवणीतून शिवलेले असू.

त्या आरशावर हिशोब असायचा, पाटीच्या खडूने नव्हे, शिंप्याच्या चपट्या खडूने. वर प्रत्येकाचं चिन्ह: मास्टरांची सुई, सुभेदारांची तोफ, जी किटलीसारखी दिसायची, आणि बाईंची फुली. त्यांच्याखाली रेघा. मला वाटलं जिंकल्याच्या असतील.

"हरल्याच्या," मास्टर म्हणाले. "राजधानी गेली की एक रेघ. जिंकणं काय मोजायचं? ते एकालाच मिळतं. हरणं सगळ्यांना पुरतं."

पहिल्या शनिवारी माझी राजधानी चहा यायच्या आत गेली. मी खडू घेऊन आरशाकडे निघालो, तर सुभेदारांनी हात आडवा केला.

"तुमची नाय. तुम्ही कच्चा लिंबू."

मी चाळिशीला टेकलेला, दोन मुलांचा बाप, अंबडला माझ्या हाताखाली माणसं. आणि कच्चा लिंबू. आठवत असेल तुम्हालाही: धाकट्या भावंडाला खेळायला घ्यायचं, पण धरायचं नाही. तो पळेल, ओरडेल, आउट होईल, पण त्याचं काही मोजायचं नाही. घरात मी सगळ्यांत शेवटचा, त्यामुळे सगळं बालपण मी याच पदावर काढलं होतं. लपाछपीत मी चांगला तासभर लपायचो आणि मला कुणी शोधतच नसायचं. ते पद संपलं असं मी धरून चाललो होतो.

कच्च्या लिंबाला एक सवलत होती. चूक झाली की चाल मागे घेता यायची. मी नदीकाठी तोफ एकटी सोडली की बाई म्हणायच्या, "घ्या मागे." मी किल्ला उघडा टाकला की मास्टर गालात हसायचे, "साहेब, घ्या मागे." इतक्या प्रेमाने म्हणायचे की अंगावर काटा यायचा. आणि हरलो की आरसा कोरा.

मी बरंच करून पाहिलं. चिवडा नेला, चिवडा खाल्ला गेला, रेघ मिळाली नाही. हल्ल्याआधी उभा राहून सैन्यापुढे भाषण केलं. सुभेदार म्हणाले, "लय छान. आता फासा टाका." सुभेदारांना चिडवायचाही प्रयत्न केला. त्यांचा एक मोठा विनोद होता, आणि तो त्यांना ठाऊक नव्हता. उभा जन्म तोफखान्यात काढलेला हा माणूस पटावरच्या आपल्या तोफा कधी म्हणजे कधी हलवायचा नाही.

"सुभेदारसाहेब, तोफा गंजल्या का?"

"तोफ हलवायची म्हणजे काय असतं ते तुम्हाला नाय माहीत," ते म्हणाले. "राहू द्या तिथंच. घोडे जाऊ द्या." आणि त्यांचे घोडे माझ्या कोपऱ्यात शिरले.

घरी बायको विचारायची, "झालं युद्ध? काय निकाल?"

"हरलो."

"हरायला एवढ्या लांब जाता. घरी काय कमी हरता?"

पण तिला कसं सांगू, की माझं दुःख हरण्याचं नव्हतंच. मी हरतोय आणि ते धरलं जात नाही, हे दुःख होतं. मला त्या आरशावर एक रेघ हवी होती. बाकी काही नको होतं.

तो शनिवार थंडीतला होता. शटरखालून आलेलं ऊन त्या दिवशी टेबलावर चढलं होतं आणि रिबिनीची नदी खरोखरच चकाकत होती. मला काय झालं होतं कोण जाणे, सगळं सुचत होतं. माझी बटणं तंबूच्या डोंगरांतून वाट काढत, जंगलाच्या कडेने बाईंच्या राजधानीपाशी पोहोचली. बाईंनी पेपर बाजूला ठेवले होते, हीच मोठी बातमी होती. मास्टरांनी चहा ओतता ओतता किटली थांबवली. मी माझं सगळं घोडदळ उचललं, नदीपलीकडे नेलं आणि ठेवलं.

बोट बटणावरून उचललं आणि मला दिसलं. मागची खिंड उघडी पडली होती. त्या खिंडीतून थेट माझी राजधानी, मध्ये एक पायदळाचं साधं बटणसुद्धा नाही.

सगळ्यांनाच दिसलं.

"घ्या मागे," बाई म्हणाल्या. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला म्हणावं तशा.

माझा हात पुढे झालाही होता. त्या पितळी बटणांवर ऊन पडलं होतं, आणि मला ते घोडे धापा टाकताना दिसत होते. एवढे डोंगर ओलांडून आले होते बिचारे. आता मागे घेतले, तर ती बटणं होती, दुसरं काही नाही. माझ्या शर्टाला लावता आली असती.

"नाही," मी म्हणालो. "ठेवलं ते ठेवलं."

"विचार करा."

"केला."

"राजधानी जाईल, इंजिनियर," सुभेदार हळूच म्हणाले.

"जाऊ दे."

तेव्हा बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे लोकांनी कौतुकाने पाहिलंय, कीव येऊन पाहिलंय, बायकोने तर सगळ्याच प्रकारे पाहिलंय. पण शत्रू म्हणून माझ्याकडे कुणी पहिल्यांदाच पाहत होतं. मी खुर्चीत सरळ बसलो. पोट आत घेतलं.

त्यांनी मग जराही दया केली नाही. खिंडीतून आल्या, वाटेतली दोन गावं नुसत्या नजरेने घेतल्यासारखी घेतली, फासा टाकला आणि माझी राजधानी उचलून आपल्या पेपरांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवली. मी उभा राहून मुजरा केला. तो मनापासूनचा होता, पण सवयीने जरा लांबला.

सुभेदार उठले, गुडघ्यावर हात टेकत, आणि खडू घेऊन आरशापाशी गेले.

"यांचं चिन्ह काय काढायचं?"

"लिंबू," मी म्हणालो.

त्यांनी आपल्या किटलीसारख्या तोफेशेजारी एक लिंबू काढलं. ते पेरूसारखं दिसत होतं. त्याच्याखाली त्यांनी एक रेघ ओढली, सावकाश, सरळ. मी जवळ गेलो. आरशात माझा चेहरा होता आणि बरोबर कपाळावर ती रेघ. तेवढ्यात दूर कुठेतरी धडधडलं, आरसा थरथरला, आणि आम्ही सगळे पुन्हा पाण्यातल्यासारखे हललो.

"पुढच्या शनिवारी चिवडा आणायचा नाही," बाई पेपर आवरत म्हणाल्या. "लाच वाटते."

बसने मी सिडकोला कसा पोहोचलो ते आठवत नाही. बायको ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होती.

"हरलात?"

"हरलो."

"मग एवढं हसायला काय झालं?"

"आज मोजलं," मी म्हणालो.

तिने गॅस बारीक केला आणि म्हणाली, "सांगा बघू, पहिल्यापासून."

मी कोथिंबिरीची जुडी आडवी ठेवली आणि तिला नदी म्हटलं. मग लसणाचा एक गड्डा घेतला आणि खिंड कुठे होती ते दाखवायला सुरुवात केली.