मोठ्या टेकाडावरचं बर्चचं रोप

रूल्फीनचं गावात कुणाशी फारसं जमलंच नाही. माळावरची जुनी टेकाडं सांभाळायचं काम तिच्याकडे आलं आणि उरलेसुरलेही दुरावले. त्या टेकाडांच्या पोटात हजारो वर्षांपूर्वीचे मुडदे आहेत. पोरं वर चढली की ही खेकसायची. झाडाचं रोप दिसलं की उपटायची, कारण मुळं खाली उतरली की थडगं फुटतं. काम करून करून हात खरखरीत झाले. जीभ आधीपासूनच तशी होती.

मग शेजारीण यांतीनचा मुलगा वुबे कालव्यात बुडाला. ऐन विशीतला पोरगा. मोठ्या टेकाडावर उताणं पडून राहायची त्याला सवय होती, म्हणून यांतीननं तिथं बर्चचं रोप लावलं आणि त्याचा निळा मफलर रोपाला बांधला.

रूल्फीननं ते उपटलं. मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून यांतीनच्या दारात नेलं. मी तेव्हा यांतीनकडेच कॉफी पीत बसले होते.

"हे घे. परसात लाव."

"कुणाचं आहे ते कळलं नाही तुला?"

"कळलं की. तिथं झाड चालत नाही, कुणाचंच."

"त्या हाडांची एवढी काळजी? नावं तरी ठाऊक आहेत का गं त्यांची? वुबे तुझ्या अंगणात खेळून मोठा झाला!"

"ओरडू नकोस. तेही मेलेत, तोही मेलाय. जागा त्यांची आहे."

यांतीननं ते रोप हिसकावलं आणि मातीसकट तिच्या तोंडावर हाणलं. रूल्फीननं गाल पुसला आणि ती चालती झाली.

यांतीननं दुसरं लावलं. तेही गेलं. तिसरंही. कुणीतरी रूल्फीनच्या खिडकीची काच फोडली. टेकाडांच्या खात्यातला वरचा साहेब म्हणाला, "एक झाड राहू दे ना, बाई." ती म्हणाली, "मग मलाच काढा." साहेबानं तिला काढलं नाही.

शेवटी रूल्फीन स्वतःच यांतीनकडे गेली. म्हणाली, "माळाच्या कडेला, कुंपणाबाहेर लाव. पाणी मी घालीन."

"तुझ्या हातचं पाणी? त्यापेक्षा वाळलेलं बरं," यांतीन म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

त्यानंतर तिनं रोप लावलं नाही. ऑगस्टमध्ये मोठं टेकाड जांभळ्या फुलांनी भरतं, त्यावर झाड एकही नाही.

परवा बेकरीत दोघी एकाच रांगेत आल्या. मागे कोण आहे ते दिसताच यांतीन रांग सोडून बाहेर पडली. रूल्फीन एक पाऊल पुढे सरकली, तिच्या रिकाम्या जागी उभी राहिली आणि मनुकांचा पाव मागितला.