टापूवरचा नवा भात

आमच्या तलावाच्या मधोमध एक टापू आहे. पूर्वी तिथं मासोळी धरणारे जाळी वाळत घालायचे, एवढंच. आता तिथं हॉटेल आहे आणि मी तिथं स्वयंपाक करते. टापूवर जायला रस्ता नाही. पाहुणे जंगलात वाघ बघतात, मोटारबोटीत बसतात आणि इथं येऊन आमचंच खाणं आम्हाला न परवडणाऱ्या थाटात खातात. कमळाचे देठ, ज्यांना आम्ही ढेस म्हणतो, सिंगाडे, तलावातली मासोळी, मोहफुलांचा पाक. परातीएवढ्या ताटलीत मधोमध घासभर वाढायचं आणि बाजूला दोन पानं टेकवायची. पहिल्या वर्षी मला हसू आवरत नसे. पुढे हात बसला.

तांदूळ आमच्याच शेतातला. बाबांचं हलकं धान गावात सगळ्यांच्या आधी हाती येतं, आणि आमच्या मोठ्या शेफना 'हंगामातला पहिला' या शब्दांचं भारी वेड. माणूस भला, पण वेड ते वेडच.

गेल्या वर्षी बाबा आजारी होते. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. बाबांचं जेवण सुटलं होतं. ताट पुढे केलं की तोंड फिरवायचे. एकदा मात्र आपणहून म्हणाले, "नवा भात भेटला असता अन् मासोळीचा रस्सा, त जेवलो असतो." माझ्या जिवात जीव आला. थोड्याच दिवसांत काकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावानं, धान कापलं, मिलमधून तांदूळ करून आणला. पहिलं पोतं नेहमीसारखं टापूवर गेलं.

मी शेफना विचारलं, बाबांना एकदा दुपारी जेवायला आणू का? ते म्हणाले, पाहुण्यांसारखं आणा. बोटीतून उतरताना बाबांना दोघांनी धरलं. पाण्याकडच्या टेबलावर पांढरा कपडा अंथरला होता, त्याला हात लावायलाही ते बिचकत होते. मी ढेसाची भाजी आणली, मासोळीचा रस्सा आणला, शेवटी वाफाळता भात आणला.

"हा आपला होय का?" त्यांनी विचारलं.

"आपलाच. नवा."

त्यांनी वाटी हळूच बाजूला सारली.

आमच्याकडे नवं धान घरात आलं तरी लगेच तोंडात घालत नाहीत. गावानं ठरवलेल्या दिवशी घरच्या चुलीवर नवा भात शिजतो. आधी देवाला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना पानावर वाढतात, मग बाकीचे जेवतात. याला नवं करणं म्हणतात. तो दिवस अजून यायचा होता. शिवाय आई गेल्यानंतरचं आमच्या घरचं ते पहिलंच नवं होतं.

"तुह्या मायले वाढल्याबिगर मी कसा खाऊ?" बाबा म्हणाले.

मी मुळातच तापट, त्यात डॉक्टरांचे शब्द डोक्यात. भडकलेच. "मग इथंच वाढते आईले. आत्ता एक पान मांडते."

"थे कुठी येईन इथी? तिले बोटीचा भेव वाटे."

"अन् हे पाहुणे खाऊन राह्यले, त्याईले चालते?"

"त्याईचं त्याईच्या घरी. आपलं आपल्या घरी."

"लेकीनं शिजवला बाबा. एक घास तरी खा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू चाखला का?"

आमच्या स्वयंपाकघराचा कायदा असा की चाखल्याशिवाय ताट बाहेर जात नाही. पण नवा तांदूळ आल्यापासून भात मी सोबतच्या पोरीकडून चाखून घेत होते. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. माझा हातच तोंडापर्यंत जात नव्हता.

"नाई," मी म्हटलं.

"मंग?" बाबा म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी हसले.

भाजीचे दोन घास त्यांनी खाल्ले, थोडा रस्सा प्यायले. भात तिथंच गार झाला. "नव्याच्या दिवशी पोटभर खाईन," असं मला बोटीत बसताना सांगितलं. मीही ते धरून बसले. रोज सकाळी त्यांचा चेहरा बघून मनात म्हणायचे, एवढे दिवस काढा, बाबा.

त्यांनी काढले नाहीत. गावाचं नवं व्हायच्या आधीच ते गेले. आमच्या घरी सुतक, म्हणून नवं नाही. गल्लीभर नव्या भाताचा वास सुटला होता आणि आम्ही जुने तांदूळ निवडत बसलो होतो.

तेरवी झाल्यावर काका म्हणाले, आता आपलं नवं करून घेऊ. मी घरच्या चुलीवर भात शिजवला. देवाला दाखवला. मग दोन पानं मांडली, एक आईचं आणि शेजारी बाबांचं. वाढायला वाकले आणि मला बाबांचा भयंकर राग आला. एवढा कसला हट्ट? आईनं काय म्हटलं असतं? तिनंच स्वतःच्या हातानं भरवला असता. रागातच वाढलं, हात जोडले, आणि गेलेल्यांचं जेवून होईपर्यंत आम्ही सगळे पानांपुढे बसून राहिलो.

थोड्या वेळानं काका उठले. माझं ताट त्यांनी स्वतः वाढून पुढे ठेवलं.

"आता जेव वो बाई," ते म्हणाले. "त्याईचं झालं."

मी घास उचलला, पण तोंडात घालवेना. बाबांचं कुठं झालं होतं? माझा बाप उपाशी गेला होता.