पाटीवरची एक रेघ

भट्टीकाकांची कारखान्यात एकतीस वर्षं एकच काम करण्यात गेली. स्टेनलेस स्टीलला गंज चढत नाही हे खरं, पण ते वरून इतकं मऊ असतं की नुसतं घासलं तरी ओरखडे पडतात. काका त्याला बंद भट्टीत, वायूत, मंद आचेवर पाच-पाच दिवस ठेवून त्याची कातडी कडक करत. आच जरा वाढली की स्टील कडक होई, पण गंजूही लागे. त्यामुळे काका भट्टीवरून नजर हटवत नसत, सख्ख्या मेव्हणीच्या लग्नातसुद्धा त्यांनी दोनदा फोन करून आचेची चौकशी केली होती.

तयार मालावर कानस ओढायची आणि ती ओरखडा न काढता घसरली की पसंतीची मान हलवायची, ही त्यांची पद्धत. पुढे पुढे खोडच लागली. घरातले चमचे, कुलपं, दाराची कडी, कशालाही ते कानस लावून बघत आणि नाक मुरडत.

निवृत्त होणाऱ्याच्या नावाची स्टीलची पाटी जेवणघराच्या भिंतीवर लावायची, असा कारखान्याचा रिवाज होता. तिथल्या जुन्या पाट्या पुसून पुसून ओरखडल्या होत्या, अर्धी नावं वाचता येत नव्हती. आपलं नाव असं झिजू नये, एवढीच काकांची इच्छा होती. म्हणून त्यांनी आपली कोरी पाटी कोणालाही न विचारता भट्टीत टाकली. आधी नाव कोरायचं आणि मग कडक करायचं, ही साधी गोष्ट, दुसऱ्यांना आयुष्यभर शिकवलेली, नेमकी स्वतःच्या पाटीच्या वेळी त्यांच्या डोक्यातून गेली.

निरोपाच्या दिवशी नावं कोरणारा आला. त्याच्या तीन सुया मोडल्या. साहेबांचं भाषण तेवढ्यात दोनदा संपलं. कुणी म्हणालं कागद चिकटवा, कुणी म्हणालं पाटी पुन्हा लालबुंद तापवून मऊ करा. ती गंजेल, असं काकांनी ठणकावलं. शेवटी कोरणाऱ्याने हिऱ्याच्या टोकाची सुई काढली आणि जीव खाऊन दाबली. पहिल्या अक्षराची उभी रेघ उमटली. टाळ्या पडल्या. काकांचा चेहरा मात्र उतरला.

"थांबा," ते म्हणाले. "ओरखडा पडला."

कोरणाऱ्याने समजावलं की हा ओरखडा नाही, हे तुमचं नाव आहे. काकांनी पाटी त्याच्या हातून काढून घेतली, रेघेवरून बोट फिरवलं आणि ती तशीच भिंतीवर लावायला लावली. त्यांना फार वाईट वाटत होतं, पण नावाचं की रेघेचं, हे त्यांनाच सांगता येईना.

काकू जेवणघरात आल्या तेव्हा नावांच्या रांगेत शेवटी ती एकच रेघ होती. त्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं.

"हे तुमचंच," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"दुसऱ्या कुणीही नाव पूर्ण करू दिलं असतं."