माझ्या वाट्याला आलेला दादा

यवतमाळच्या कॉलेजात मी आलो तेव्हा आम्हा कोलाम आदिवासींची मुलं तिथं बोटांवर मोजण्याइतकी होती. गोंड, पारधी, मुस्लिम मुलंही तशीच तुरळक. त्यातली बरीच पहिल्याच वर्षी कॉलेज सोडून जायची. म्हणून आमच्या मराठीच्या सरांनी एक गट सुरू केला. नव्या मुलाला शेवटच्या वर्षाचा एक दादा द्यायचा, त्यानं त्याला सांभाळायचं, आणि रविवारी सकाळी सगळ्यांनी एका वर्गात जमायचं.

माझ्या वाट्याला आलेला दादाही कोलामच, घाटंजीकडच्या एका पोडावरचा, म्हणजे आमच्या लोकांच्या छोट्या वस्तीवरचा. किरकोळ अंगाचा, डोळे कायम पिवळसर. पहिल्याच भेटीत त्यानं सांगून टाकलं, "मले सिकलसेल आहे, रक्ताचा आजार. कधी हातपाय ठणकले तं मी पडून राह्यतो. तू भेऊ नको." आणि मला एसटी स्टँडवर तर्री-पोहे खायला घेऊन गेला.

रविवारी उभं राहून नाव-गाव सांगायचं होतं. मी खाली बघत पुटपुटलो.

"जमिनीले काय सांगून राह्यला? आमच्याकडं पाह्य," दादा म्हणाला.

मी मान वर केली, पण आवाज फुटेना. तेव्हा तो म्हणाला, "आपल्या बोलीत सांग." मी कोलामीत बोललो. दादा आणि एक-दोन कोलाम मुलं सोडली तर कोणाला काही कळलं नाही, पण त्या खोलीत माझा आवाज पहिल्यांदा मोठ्यानं निघाला. "आता हेच मराठीत," तो म्हणाला. तेही जमलं.

मग पुढचे काही महिने मी त्याच्या मागं मागं होतो. शिष्यवृत्तीचं काम अडलं तर कोणाला भेटायचं, साहेबानं हाकललं तरी तिथंच उभं राहून शांतपणे परत कसं विचारायचं, हे तो आधी करून दाखवी आणि मग मला पुढं ढकली. गटात महागावचा एक मुस्लिम मुलगा होता. तो कोपऱ्यात बसे, कधीच बोलत नसे. दादा त्याला कधी बोल म्हणाला नाही. फक्त दर वेळी स्वतः त्याच्या शेजारी जाऊन बसायचा.

थंडी वाढली आणि दादाचं दुखणं उठलं. त्याला सरकारी दवाखान्यात भरती केलं. गटातल्या मुलांनी रक्त दिलं. मी उशाशी बसलो होतो.

"रविवारी गट तू घेजो," तो म्हणाला.

"मी? मी तं पहिल्या वर्षाचा."

"मंग काय झालं? तू कमी बोल. त्यायले बोलू दे."

मी गट घेतला आणि संध्याकाळी सांगायला गेलो. त्याच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. त्यानं माझं मनगट धरलं. "महागाववाला बोलला?"

"बोलला. खूप वेळ बोलला."

त्यानं डोळे मिटले, पण मनगट सोडलं नाही. पुढं छातीत दुखणं पसरलं आणि दोन दिवसांत तो गेला.

आम्ही सगळे सरांबरोबर त्याच्या पोडावर गेलो. त्याचे वडील कुडाच्या भिंतीला टेकून बसले होते. माय आत होती. एवढी पोरं पाहून वडिलांनी विचारलं, "हे सगळे त्याचे कोन?"

"तो आम्हाला शिकवायचा," मी म्हटलं.

"काय शिकवे?"

एकेकानं सांगितलं. कोणी म्हणालं भाषण, कोणी म्हणालं अर्ज लिहायला. ते प्रत्येकाकडं बघत ऐकत राहिले. मग म्हणाले, "मले सही शिकवून राह्यला होता. सुट्टीत आला की एक अक्षर. अर्धंच नाव झालं." त्यांनी काडी घेऊन मातीत दोन अक्षरं काढली आणि थांबले.

"बाकीचं मी शिकवतो, काका."

"नाही बापू. येवढंच राहू दे."

परतताना घाटंजीला बस बदलायची होती. बाजाराचा दिवस होता. कांद्याच्या पोत्यांजवळ उभ्या उभ्या महागावचा मुलगा रडायला लागला. लोक बघायला लागले. आम्ही त्याच्याभोवती गोल उभे राहिलो, आणि बस येईपर्यंत कोणी कोणाला उगी केलं नाही.

गट चालू राहिला. मी शेवटच्या वर्षाला गेलो तेव्हा माझ्याही वाट्याला एक मुलगा आला. फाटकातूनच तो "दादा" म्हणून हाक मारायचा. ओ देण्याआधी मी दर वेळी मागं वळून बघायचो.