मुंबई ते लंडन, साडेनऊ तास

किसनकाकांना कुठल्याही गावाचं अंतर विचारलं, की ते आधी घड्याळाकडे बघायचे. "पाटोदा? आत्ता निघालात तर दोन तास. दुपारी निघालात तर अडीच, आज बाजार हाय." किलोमीटर सांगणं त्यांना कमीपणाचं वाटे. उभा जन्म एसटी चालवण्यात गेलेला माणूस तो. गेवराईच्या शाळेत मी शिकवत होते तेव्हा त्यांच्या शेजारी राहायचे.

त्यांची एकुलती एक मुलगी मंगल नर्स होती. तिला लंडनच्या दवाखान्यात नोकरी लागली आणि रुक्मिणकाकूंनी जेवण सोडलं. पोरीला एवढ्या लांब धाडायचं नाही, म्हणाल्या. काका तडक माझ्याकडे आले.

"बाई, मोबाईलात बघा. मुंबई ते लंडन किती हाय?"

"सात हजार दोनशे किलोमीटरच्या आसपास. थेट विमानानं..."

"तास तेवढे सांगा."

"साधारण साडेनऊ."

काकांचा चेहरा उजळला. पाच मिनिटांत भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, "अगं, आपल्या गेवराईची गाडी मुंबईला किती घेती? साडेनऊ! लंडनबी साडेनऊच. पोरगी फकस्त एक मुंबई पुढं चालली हाय."

"मग मुंबईलाच ऱ्हाऊ द्या की तिला," काकू म्हणाल्या. पण त्या दिवशी त्या जेवल्या, आणि मंगल गेली.

पुढच्या वर्षी मंगलचं तिकडच्याच एका नोकरदाराशी लग्न झालं आणि तिसऱ्या वर्षी तिला मुलगी झाली. फोनवर ती रडली, "आई, ह्यांना रजा न्हाई. मला एकटीला जमंना गं." काकूंनी त्याच दिवशी लुगडी काढून ठेवली. दोघांनी जायचं ठरलं आणि महिनाभर काका त्यांना विमान शिकवत होते. "कावून भ्यायचं? बसायचं अन् उतरायचं. लई सोपं हाय." येताना विमानाला वेळ कमी लागतो, हे त्यांना कुठूनसं कळलं होतं. कारण मी सांगितलं : तिकडून येताना वारा पाठीमागून असतो. काका खूश झाले. "म्हंजी घाट उतरताना गाडी पळती, तसंच!"

पुढचं मला काकूंनी परत आल्यावर सांगितलं. विमान धावायला लागलं आणि काकांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. "रुक्मिण, डायव्हर दिसंना गं." दोन्ही पायांनी ते खालचा नसलेला ब्रेक दाबत होते. ढगांत विमान हादरलं, तसे ते पट्टा सोडून उठले. डायव्हरला जरा दमानं घ्यायला सांगणार होते. हवाई सुंदरीनं हात जोडून त्यांना खाली बसवलं. काकूंनी मात्र खिडकीशी बसून स्वतःचं जेवण संपवलं, मग काकांचंही, आणि वर एक चहा मागून घेतला.

बाहेर मंगल बाळाला घेऊन उभी होती. "बाबा, प्रवास कसा झाला?" काकांनी नातीला छातीशी धरलं आणि भर विमानतळावर हुंदके देऊन रडले. भीतीनं की आनंदानं, ते काकूंनाही सांगता आलं नाही.

गावी परतल्यावर संध्याकाळी ओट्यावर गल्ली जमली. विमान कसं असतं, किती उंच जातं, सगळे काकांनाच विचारत होते. काका बाजूला सरकले, काकूंना मधोमध जागा करून दिली आणि म्हणाले, "तिला इचारा. मी डोळं झाकून गेलतो."