सिरा न्जायची पिंपे

केर न्देमच्या शाळेत सिरा न्जाय यांच्या हाताखाली गावच्या दोन पिढ्या अक्षरे गिरवायला शिकल्या. निवडणूक आली की मतदानकेंद्रही त्यांच्याकडेच असे. प्रत्येक उमेदवाराचे त्याच्या रंगाचे पिंप; मतदाराने नळीत काचेची गोटी सोडायची, आत घंटा वाजली की मत पडले. गोट्या सगळ्या एकसारख्या. कोणत्या पिंपात पडली, यावरूनच ती कोणाची ते कळे. म्हणून पिंपे सर्वांदेखत उघडून मोजणी होईपर्यंत सिराबाई तेथून हलत नसत.

गावचा शिंपी मतार जोब याचे त्यांच्याशी थट्टेचे नाते होते. न्जाय आणि जोब या घराण्यांत ते पूर्वापार चालत आलेले. एकमेकांना चोर म्हणावे, गुलाम म्हणावे. रागवायचे नाही आणि माफी तर कधीच मागायची नाही.

मतदानाच्या सकाळी मतारने गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपला आवाज पाठवला. "ऐका हो, आमची गुलाम सिरा! पहाटेच पिंपात पोतंभर गोट्या ओतल्यात हिनं. पोतं मीच वाहिलं, आणि मजुरी म्हणून मूठभर भातसुद्धा नाही!"

बाईंनी उत्तर पाठवले, "जोबांना भात वाढला तर गाव उपाशी मरेल."

गाव हसले. मात्र कोणीतरी थट्टा उघड करणारा भाताचा भाग कापून उरलेला आवाज पुढे पाठवला. तो राजधानीत गेला, परदेशी गेलेल्या मुलांकडे गेला, आणि तिकडून शेजारच्या गावांत उतरला. दुपारच्या नमाजानंतर ट्रक भरून माणसे फाटकाशी आली.

"पिंपं उघडा, चोरांनो!"

"मतदान संपल्यावर तुमच्यासमोरच उघडीन," बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. "आत्ता उघडली तर रांगेतल्यांचं मत बुडेल."

मतार मापाची टेप गळ्यात तशीच घेऊन धावत आला. सर्वांसमोर त्याने फोन तोंडाशी धरला. "अल्लाची शपथ, थट्टा होती ती! चुकलो मी. सिरा, मला माफ कर गं." तो रडत होता.

गर्दीतला एक वृद्ध हळूच म्हणाला, "जोब कधी न्जायची माफी मागतो का? थट्टा असती तर हा हसला असता. याला कोणीतरी दमात घेतलंय."

ते सर्वांना पटले. सकाळी हसलेले गावचे लोकही खाली पाहू लागले. केंद्रावरच्या एकट्या पोलिसाला बाजूला सारून, फाटकाचे दार मोडून जमाव आत शिरला. बाईंनी दोन्ही हातांनी एक पिंप कवटाळले, तेवढ्यात बाकीची आडवी झाली. मग त्यांच्या हातातलेही गेले. सगळ्या रंगांच्या पिंपांतल्या गोट्या अंगणातल्या वाळूत मिसळल्या.

ट्रक निघून गेले तरी बाई गुडघ्यांवर बसून गोट्या ओच्यात भरत होत्या. मतार शेजारी टेकला.

"सिरा, तुझा असा फोटो फिरतोय. खाली लिहिलंय, चोरी पकडली. मी काय कळवू त्यांना?"

"काही कळवू नकोस, मतार."

"पण खरं तर..."

"तू खरं बोललास, म्हणूनच दार मोडलं."

त्यांचा फोन वाजला. तालुक्याच्या निवडणूक कचेरीतला माणूस घाईत होता. "बाई, तुमच्या केंद्राचा आकडा द्या. कोणाला किती?"

बाईंनी ओच्याकडे पाहिले. "मतं आहेत माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "कोणाची, ते आता कोणीच सांगू शकणार नाही."

"बाई, मला आकडा हवाय."

त्यांनी फोन वाळूत ठेवला. तो माणूस विचारतच राहिला.