सगळ्यांचीच दुखते

परवा शाळेत मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षक डबे खात असताना एका सरांनी वर्तमानपत्र पुढे सरकवलं. देशात कंबरदुखी घराघरात पोचलीय, असं त्यात होतं. लगेच ज्याची त्याची कंबर बोलायला लागली. कुणी गादी बदलली होती, कुणी मोटारसायकल. वर सरांचा समारोप असा की, एवढी सर्रास आहे म्हणजे काळजीचं कारण नाही. मी डबा झाकला आणि उठून गेले. हे वाक्य मी आधी ऐकलं आहे आणि तेव्हापासून मला ते सहन होत नाही.

ते ऐकलं त्या वर्षी दुष्काळाने विहिरींचा तळ दाखवला होता. धारूरच्या डोंगरातलं आमचं गाव दिवाळीआधीच निम्मं रिकामं झालं. वडील वारले होते, म्हणून ऊसतोडीला आई आणि मी मिळून एक कोयता झालो. तिथे दोन माणसांचा मिळून एक कोयता धरतात, बहुतेक नवरा-बायकोचा. एक बसला की दुसराही कामातून गेला, म्हणून कुणी बसतच नाही.

डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना आई घसरली आणि कमरेवर आपटली. कंबर धरली ती धरलीच, पण तिने त्याचा बाऊ केला नाही. पुढे तिच्या उजव्या पायातली चप्पल निसटून मागे राहू लागली आणि ती तशीच चालत जायची. चप्पल गेल्याचं तिला कळत नव्हतं. तेव्हा मात्र ती घाबरली. मला कॉलेजात धाडायचं तिच्या मनात होतं. तिचा पाय गेला असता तर भावकीने माझं लग्न लावून मला दुसऱ्या कोयत्याला जोडलं असतं.

कारखाना सहकारी, म्हणजे आपल्या सगळ्यांचा, असं तिथे भाषणात सांगायचे. त्या हंगामात चेअरमननी तोडकरी बायकांसाठी आरोग्य शिबिर ठेवलं. हारतुरे आधी, तपासणी नंतर. चेअरमनसाहेबांची स्वतःची कंबर धरली होती, म्हणून त्यांना उशीवाली खुर्ची आणि शहरातून आणलेला वेगळा डॉक्टर. आमच्या वाट्याच्या डॉक्टरने काम लवकर उरकावं म्हणून सांगितलं, ज्यांची कंबर दुखते त्यांनी डावीकडे बसा. सगळा मंडप डावीकडे सरकला. उजवीकडे नुसती सतरंजी राहिली.

डॉक्टर हसला. “सगळ्यांचीच दुखते, म्हणजे हा आजार नाही. कामाचा शीण आहे.” आणि बायकांच्या ओंजळीत त्याच त्या गोळ्या पडू लागल्या.

आई पुढे गेली. “साहेब, दुखतंय म्हणून न्हाई आले. पाय कळंना झालाय.”

त्याने वर न बघता गोळ्या दिल्या आणि पुढच्या बाईला बोलावलं. मी भांडायला निघाले तर मुकादमाने दंड धरला, चेअरमनसमोर तमाशा नको म्हणाला. तेवढ्यात चेअरमन माइकवर आले आणि आमच्या भगिनींची कंबर पोलादी असल्याचं सांगून गेले. टाळ्याही आम्हीच वाजवल्या. मग दोघांनी धरून त्यांना गाडीत बसवलं.

उरलेला हंगाम आईने पायाला चप्पल सुतळीने बांधून काढला. मी कॉलेजात गेले.

नोकरी लागल्यावर मी तिला शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. तोवर पायाची पार काटकी झाली होती. मणका सरकून शीर दबलीय, वेळेवर दाखवलं असतं तर पाय वाचला असता, असं त्यांनी सांगितलं. मग आवाज चढवून म्हणाले, तुम्ही लोक दुखणं इतकी वर्षं अंगावर काढता कशाला. माझं डोकं सणकलं. मी तोंड उघडणार तोच आई बोलली, त्यांची समजूत काढल्यासारखी.

“गेलते की साहेब. लई बाया होत्या.”